मर रोग, मातीतली बुरशी आणि मालकीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्गशीर्षाच्या सुमारास मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या तुरीच्या शेतात गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. पीक फुलोऱ्यात असते, पहिल्या शेंगा भरू लागलेल्या असतात, आणि हिरव्या शेताच्या मधोमध ठिगळ लावावे तशी वाळलेली झाडे उभी असतात. पाने पिवळी पडलेली, माना टाकलेल्या. खोडावर बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा. खोड उभे चिरले, तर आत काळपट तपकिरी रेषा दिसतात. जमिनीत ओल असते, तरीही झाड तहानेने मेलेले असते. कारण मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुरशीने निकामी केलेल्या असतात. शेतकरी याला ‘मर’ म्हणतो. शास्त्रज्ञांनीही मराठीत तोच शब्द उचलला आहे, हे बरे झाले.

या रोगाची वेळ ध्यानात घेतली पाहिजे. उगवण बिघडली तर दुबार पेरणी करता येते. त्यात नुकसान असते, पण हंगाम हाती असतो. मर रोग बहुधा फुले-शेंगा येण्याच्या वेळी उग्र रूप धारण करतो. तोवर नांगरणी, बियाणे, खत, निंदणी, फवारणी असा सारा खर्च होऊन गेलेला असतो. उत्पन्न तेवढे यायचे राहिलेले असते. म्हणजे ज्या क्षणी शेतकऱ्याची गुंतवणूक सर्वाधिक आणि माघार घेण्याची शक्यता शून्य, नेमक्या त्या क्षणी हा रोग त्याला गाठतो. कोरडवाहू शेतीतल्या कर्जबाजारीपणाची चर्चा पाऊस आणि बाजारभाव या दोन शब्दांत आटोपली जाते. तिच्यात या तिसऱ्या शब्दाला जागा मिळत नाही.

रोग नवा नाही. बिहारमधील पुसा येथील संस्थेत काम करणारे बुरशीशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी 1906 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि 1910 मध्ये त्याच्या कारक बुरशीला ‘फ्युझेरियम उडम’ हे नाव दिले. म्हणजे या रोगाचे निदान होऊन शतकाहून अधिक काळ लोटला. 1975 ते 1980 या काळात देशातील तूर-उत्पादक राज्यांत केलेल्या पाहणीत मर रोगाचे सरासरी प्रमाण सर्वाधिक आढळले ते महाराष्ट्रात. पाच झाडांमागे एकाहून अधिक झाड मेलेले. त्यानंतर परिस्थिती काही प्रमाणात सुधारली, याचे श्रेय प्रामुख्याने रोगप्रतिकारक वाणांना दिले पाहिजे. बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिलेले वाण, पतनचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने आलेले ‘मारुती’ आणि ‘आशा’ हे वाण यांची नावे शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. यातला ‘मारुती’ महाराष्ट्रातल्याच एका गावरान तुरीतून निवडलेला आहे. कोणा अज्ञात शेतकरी कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्यात ती ताकद होती. संशोधकांनी ती ओळखली. या व्यवहारात कोणी कोणाला स्वामित्वशुल्क दिले नाही आणि कोणी मागितलेही नाही. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

परंतु वाण हे संपूर्ण उत्तर नाही. बुरशीही बदलत असते. एका प्रदेशात टिकणारा वाण दुसऱ्या प्रदेशात टिकतोच असे नाही. शिवाय ती जमिनीत पडून राहते. तुरीच्या मर रोगाची बुरशी मेलेल्या झाडांच्या मुळ्या-खोडक्यांवर दोन ते तीन वर्षे जगते. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी तर पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत जमिनीत तग धरून राहिल्याचे आढळले आहे. यावर शेतीशास्त्राचे जुने उत्तर आहे फेरपालट. तूर घेतलेल्या रानात पुढली काही वर्षे ज्वारी घ्यावी, किंवा निदान तुरीत ज्वारीचे आंतरपीक घ्यावे. ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर कमी पडते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. गावच्या जुन्या माणसांना ते प्रयोगाशिवायही ठाऊक होते.

मग फेरपालट का होत नाही? ज्याच्याजवळ दोन एकर आहेत त्याने सहा वर्षे हरभरा घ्यायचा नाही, तर घ्यायचे काय? आणि ज्याच्याजवळ तेवढीही जमीन नाही, जो दुसऱ्याचे रान बटाईने किंवा मक्त्याने करतो, त्याचा करार एका वर्षाचा आणि तोही तोंडी असतो. कुळकायद्याच्या धास्तीने जमीनमालक कागद करीत नाही आणि कसणारा बदलत राहतो. अशा माणसाने पुढच्या तीन वर्षांसाठी मातीचे आरोग्य राखावे ही अपेक्षा बाळगणे म्हणजे भाडेकरूने घरमालकाच्या नातवासाठी झाडे लावावीत असे म्हणण्यासारखे आहे. मातीतला रोग हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न आहे, हे खरेच. पण जमिनीच्या संबंधांचाही तो प्रश्न आहे, आणि या दुसऱ्या बाजूविषयी कृषी खात्याच्या घडीपत्रिकेत एक ओळही सापडत नाही.

रसायनांचा मार्ग इथे फारसा चालत नाही. पानावरचा रोग फवारणीने आटोक्यात आणता येतो. पण जमिनीच्या फूटभर थरात पसरलेल्या बुरशीला विष पोचवायचे तर सारी माती भिजवावी लागेल. पाश्चात्त्य देशांत स्ट्रॉबेरी-टोमॅटोच्या श्रीमंत शेतीत मिथिल ब्रोमाइड वायूने माती निर्जंतुक करीत. ओझोन थराला त्याने धोका होतो म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये विकसित देशांनी 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांनी 2015 पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर बंद करायचा होता. तुरीच्या शेतकऱ्याला तो कधी परवडणाराच नव्हता. आणि निर्जंतुक केलेल्या मातीत एक गोम असते. तिथे शत्रू मरतो तसा मित्रही मरतो, आणि रिकाम्या जागेत पहिल्यांदा शत्रूच शिरला तर त्याला अडवायला कोणी उरत नाही.

हा मित्र कोण, याची कथा मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोरनार नावाचे गाव आहे. तिथल्या जमिनीत खरबुजाच्या मर रोगाची बुरशी असूनही पीक मरत नाही, असे दिसून आले. संशोधकांनी ती माती उष्णतेने तापवली, तेव्हा तिचा हा गुण नाहीसा झाला. रोगट मातीत या गुणी मातीचा थोडासा अंश मिसळला, तेव्हा तिच्यातही तो गुण उतरला. मातीच्या रासायनिक घटकांनी एवढे घडले नसते. काहीतरी जिवंत तिथे काम करीत होते. शोध घेता असे आढळले की, रोग न करणाऱ्या फ्युझेरियमच्याच काही जाती तिथे मोठ्या संख्येने नांदत होत्या. मुळांभोवतीचे अन्न आणि मुळांवरची जागा त्या आधीच व्यापून बसत, आणि रोग करणाऱ्या भाऊबंदांना शिरकावच मिळत नसे. अशा जमिनींना ‘रोगरोधक माती’ म्हणतात. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांतही काही जमिनी लवकर मरायच्या आणि काही दीर्घकाळ टिकायच्या, हे 1930 च्या दशकातच लक्षात आले होते.

त्याच दशकात, 1932 मध्ये, अमेरिकेत वाइंडलिंग या संशोधकाने दाखवून दिले की, ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी मातीतल्या दुसऱ्या रोगकारक बुरशीवर चक्क परजीवी म्हणून जगते. ती तिच्या तंतूंभोवती वेटोळे घालते, तिची भिंत विरघळवणारी पाचकद्रव्ये सोडते आणि तिला खाऊन टाकते. पुढे असेही आढळले की, ही बुरशी मुळांच्या आश्रयाने राहून झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते. भारतातील कृषी विद्यापीठांनी तूर, हरभरा, कापूस, आले, हळद अशा अनेक पिकांसाठी तिची शिफारस केली. तुरीच्या एक किलो बियाण्याला चार ते पाच ग्रॅम पावडर चोळायची, किंवा कुजलेल्या शेणखतात ती वाढवून जमिनीत मिसळायची, एवढीच कृती.

इथे अतिशयोक्तीपासून सावध राहिले पाहिजे. वाळलेले झाड ट्रायकोडर्माने पुन्हा उभे राहत नाही. हे औषध नव्हे, आधी केलेला बंदोबस्त आहे. शेतात तिचा परिणाम प्रयोगशाळेइतका एकसारखा येत नाही. जमीन कोरडी पडली, सेंद्रिय अंश संपला, तर ती बिचारी स्वतःच उपाशी मरते. प्रतिकारक वाण, फेरपालट किंवा आंतरपीक, रोगट खोडक्यांची विल्हेवाट आणि मित्रबुरशी या साऱ्यांची जोड घातली तरच लाभ होतो. जे लोक एका पुडीत क्रांती विकतात आणि जे लोक जैविक म्हणजे पूर्वजांचे ज्ञान असे सांगून टाळ्या घेतात, ते दोघेही शेतकऱ्याला फसवतात. वाइंडलिंगच्या प्रयोगशाळेत गोमूत्र नव्हते. उलटपक्षी, रसायन म्हणजे प्रगती आणि जैविक म्हणजे पुनरुज्जीवनवाद, असा सरधोपट समज पुरोगामी वर्तुळांतही दीर्घकाळ नांदला, हेही कबूल केले पाहिजे. त्यामुळे हा विषय समाजवाद्यांनी सोडून दिला आणि तो भलत्यांच्या हाती गेला.

आता अर्थशास्त्राच्या मुद्द्याकडे वळू. हेक्टरी तुरीचे बियाणे 12 ते 15 किलो लागते. किलोला पाच ग्रॅम धरले, तरी हेक्टराला 75 ग्रॅमहून अधिक बुरशी-पावडर लागत नाही. रक्कम नगण्य. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण. विक्रेत्याच्या दृष्टीने हाच दोष! 75 ग्रॅमच्या मालावर कोणती कंपनी गावोगाव प्रतिनिधी पाठवील? शिवाय हा माल स्वतःच वाढणारा आहे. चांगली मूळ बुरशी एकदा मिळाली की उकडलेल्या ज्वारीवरही ती वाढवता येते. जी वस्तू एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि जी वापरण्यापासून कोणाला रोखणे अवघड, तिच्यात खासगी भांडवलाला रस नसतो, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात असते. म्हणूनच दुकानदार जैविक बीजप्रक्रियेचा आग्रह धरीत नाही. तो पीक वाळायला लागल्यावर आळवणीचे महाग द्रावण देतो. तेव्हा शेतकरी घाबरलेला असतो आणि उधारीही त्याच दुकानात असते. सल्लागार, विक्रेता आणि सावकार या तिन्ही भूमिका एकाच माणसाने वठवाव्यात, अशी ही रचना आहे.

ज्या खासगी उत्पादकांना या मालात रस असतो, त्यांच्याबाबत दुसरा प्रश्न उभा राहतो. पुडीतली पावडर म्हणजे बहुतांशी शंखजिरे. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत. केंद्रीय निकषानुसार एका ग्रॅममध्ये किमान 20 लाख जिवंत बीजाणू-घटक असले पाहिजेत. ते आहेत की नाहीत, हे शेतकऱ्याला कळणार कसे? पीक वाचले तर पुडीने वाचले की पावसाने, आणि मेले तर पुडीने मेले की नशिबाने, हेही सांगता येत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, जिथे मालाचा दर्जा फक्त विक्रेत्याला ठाऊक असतो, तिथे वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. जैविक पुड्यांचा बाजार हे त्या सिद्धांताचे आणखी एक उदाहरण ठरतो. जो उत्पादक प्रामाणिकपणे वीस लाख बीजाणू भरतो, त्याला तोच भाव मिळतो जो नुसते शंखजिरे भरणाऱ्याला मिळतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. परंतु नोंदणीच्या दिवशी जिवंत असलेली बुरशी मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात जिवंत राहील, याची हमी कोणता कायदा देणार? भारतात ‘व्हिरिडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या ट्रायकोडर्माच्या कित्येक वाणांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्या वेगळ्याच जाती निघाल्या. संशोधकांचीही ही गत, तर शेतकऱ्याची काय कथा!

आणखी एक व्यावहारिक घोटाळा. एकीकडे मित्रबुरशी चोळायची आणि दुसरीकडे त्याच बियाण्याला किंवा त्याच मातीत कार्बेन्डाझिम द्यायचे, असे सर्रास होते. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे. ते शत्रू-मित्र पाहत नाही आणि ट्रायकोडर्मा त्याला विशेष बळी पडते. दोन्ही पुड्या एकाच दुकानातून, एकाच बिलावर विकल्या जातात.

मालकीच्या प्रश्नाचे आणखी एक अंग कायद्याचे आहे. 1970 च्या भारतीय पेटंट कायद्यात सजीवांवर मालकी सांगण्याची सोय नव्हती. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानंतर 2002 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. वनस्पती आणि प्राणी वगळले गेले. पण सूक्ष्मजीव त्या वगळणुकीच्या बाहेर ठेवले गेले. निसर्गात सापडलेल्या जिवाचा नुसता शोध पेटंटला पात्र ठरत नाही, हे खरे. परंतु त्यात फेरफार केला, किंवा त्याच्यापासून मिश्रण बनवले, की दार उघडते. कडुनिंबाच्या तेलाचा बुरशीनाशक म्हणून वापर करण्यावर एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला युरोपीय पेटंट कार्यालयाने 1994 मध्ये पेटंट दिले होते. ते रद्द करून घेण्यासाठी 2000 साल उजाडले आणि अपिलाचा निकाल लागायला 2005. कडुनिंबासाठी लढायला आंतरराष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या, कारण कडुनिंब सर्वांना दिसतो. मराठवाड्यातल्या काळ्या मातीतून उचललेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीसाठी कोण उभे राहील? गावरान तुरीतून ‘मारुती’ निघाला तेव्हाचा काळ आणि आजचा काळ यांत हा फरक पडलेला आहे.

केळीचे उदाहरण इथे शिकवून जाते. मध्य अमेरिकेत युनायटेड फ्रूट कंपनीने ‘ग्रो मिशेल’ या एकाच वाणाची हजारो एकर लागवड केली. पनामा रोग नावाने ओळखली जाणारी मर तिथे आली, तेव्हा कंपनीने रोगट मळे टाकून दिले, नवे जंगल तोडले आणि पुढे सरकली. मागे राहिले ते मजूर आणि ओस पडलेली गावे. 1960 च्या दशकापर्यंत ‘ग्रो मिशेल’ निर्यातीच्या व्यापारातून जवळजवळ बाद झाले आणि कॅव्हेंडिश गटातले वाण आले. आता त्यांनाही मारणारी बुरशीची नवी जात आशियातून पसरत 2019 मध्ये कोलंबियात पोचली. भारतात ती बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळली. तिथे केंद्रीय संशोधन संस्थांनी ट्रायकोडर्माच्याच एका जातीपासून उपाय तयार केला, ही समाधानाची गोष्ट. जळगावची ‘ग्रँड नैन’ ही कॅव्हेंडिश गटातलीच आहे, हे खानदेशातल्या कार्यकर्त्यांना निराळे सांगायला नको.

पर्यायी व्यवस्था कशी असू शकते? क्युबाचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर 1990 च्या दशकात त्या देशाला रसायने मिळेनाशी झाली. तेव्हा तिथे सहकारी आणि सरकारी शेतांना जोडून दोनशेहून अधिक लहान केंद्रांतून मित्रकीटक आणि मित्रबुरशी तयार होऊ लागल्या; त्यांत ट्रायकोडर्माही होती. क्युबाने सारे प्रश्न सोडवले असे मुळीच नाही; तो देश आजही बरेच अन्न आयात करतो. पण एक गोष्ट त्याने सिद्ध केली: ही वस्तू मोठ्या कारखान्यात बनवावी लागत नाही. किंबहुना ती नाशवंत असल्यामुळे जितकी वापराच्या ठिकाणाजवळ बनेल तितकी चांगली. डॉ. लोहिया ज्या छोट्या यंत्राची गोष्ट करीत, ते पुष्कळांना स्वप्नरंजन वाटे. इथे तर तंत्रज्ञानाची प्रकृतीच छोट्या घटकाला अनुकूल आहे.

महाराष्ट्रात याची सामग्री नाही असे नाही. कृषी विद्यापीठे ट्रायकोडर्मा बनवतात. परभणीच्या ‘बायोमिक्स’सारख्या मिश्रणाला शेतकऱ्यांकडून मागणी आहे. अनेक सहकारी साखर कारखान्यांच्या स्वतःच्या जैविक प्रयोगशाळा आहेत. पण त्या उसासाठी! ज्याच्याजवळ पाणी, त्याच्याजवळ कारखाना. ज्याच्याजवळ कारखाना, त्याच्याजवळ प्रयोगशाळा. कोरडवाहू तूर-हरभऱ्याच्या शेतकऱ्याला गोळा करणारी अशी एकही संस्था सहकारी चळवळीने उभी केली नाही. महाराष्ट्राच्या सहकाराचा हा जुनाच पंक्तिप्रपंच आहे. बुरशीच्या निमित्ताने तो पुन्हा दिसतो एवढेच. पीकविमाही इथे कामाला येत नाही. पंतप्रधान पीकविमा योजनेची भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. मर रोग मात्र ठिगळाठिगळाने येतो. मंडळाची सरासरी शाबूत राहते आणि एका घराची तूर मेलेली असते.

शेणखताची गोष्टही टाळता येत नाही. मित्रबुरशीला अन्न लागते आणि ते शेणखतात असते. 2012 आणि 2019 च्या पशुगणना ताडून पाहिल्या तर राज्यातले गोधन घटलेले दिसते. ट्रॅक्टर आला हे एक कारण. 2015 च्या कायद्याने भाकड बैल विकण्याची वाटही बंद झाली आणि बैल बाळगणे गरिबाला परवडेनासे झाले. गायीच्या नावाने केलेल्या कायद्याने उकिरडे रिकामे व्हावेत, हा त्यातला विरोधाभास.

तेव्हा तालुक्याच्या पातळीवर मागणी कोणती करायची? तालुका बीजगुणन केंद्राच्या जागेत एक छोटी प्रयोगशाळा असावी. मूळ संवर्ध विद्यापीठाने दरवर्षी नवा करून द्यावा, कारण तो गावात फिरवत राहिले तर कमजोर आणि भेसळयुक्त होतो. वाढवण्याचे काम बचतगटाकडे किंवा विकास सोसायटीकडे असावे आणि त्यासाठी कृषी पदविकाधारक मुला-मुलींना पगारावर नेमावे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीवर उत्पादनाची तारीख ठळक असावी, दुकानातून नमुने उचलून तपासावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. कृषी अधिकाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा: गेल्या वर्षी या तालुक्यातून जैविक बुरशीनाशकांचे किती नमुने घेतले आणि त्यांपैकी किती नापास झाले? माहितीच्या अधिकाराखाली हा अर्ज दहा रुपयांत होतो.

मात्र वेळेचे भान हवे. तूर मृगात पेरली जाते. शेणखतात बुरशी वाढवायची तर ढीग सावलीत, ओल्या पोत्यांखाली, अधूनमधून वरखाली करीत सुमारे पंधरा दिवस ठेवावा लागतो. म्हणजे मूळ पावडर मेच्या मध्याला गावात पोचली पाहिजे, आणि विद्यापीठाकडे मागणी त्याआधी, मार्चमध्येच नोंदवली पाहिजे.